चीड वाढवणारी बाई

पहिल्या भेटीत आभाळ फाटलं नव्हतं आणि धरणीही दुभंगली नव्हती, असं बाकी सगळे सांगतात. पण खतगोदामाच्या कारकुनाला विचाराल तर तो आजही शपथेवर सांगेल की दोन्ही झालं होतं, आणि एकदमच झालं होतं.

त्याचा नोकरीचा पहिलाच दिवस. लागवड कंपनीच्या ऑफिसात त्याला सांगितलं, "आधी उतारावर जाऊन चीड बघून ये, मग खताचं बोलू." म्हणून तो नवे बूट घालून उतारावर गेला. तिथे गवत असं माजलेलं की हत्ती अंबारीसकट हरवला असता आणि माहुताला एकट्याने बाहेर येऊन दुसरी नोकरी शोधावी लागली असती. अचानक वारा पडला. पाखरं गप्प झाली. ढग जागच्या जागी थांबून खाली वाकले. मग समोरचं गवत खसकन बाजूला झालं आणि त्यातून एक बाई प्रकट झाली. अंगात लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला करकचून बांधलेला रुमाल आणि हातात विळा. एरवी ती बाई त्याच्या खांद्याला लागते. पण त्या दिवशी तिचा रुमाल ढगांना घासत होता. विळा असा लखलखला की शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी वीज चमकली समजून वाळत घातलेले कपडे आत घेतले.

"झाडावरून खाली उतर," ती म्हणाली.

कारकुनाने खाली पाहिलं, वर पाहिलं. लहानपणानंतर तो कधी झाडावर चढला नव्हता.

"बाई, मी जमिनीवर आहे."

"मला जमीन शिकवू नकोस. उजवा पाय उचल."

त्याने उचलला.

"तो ठेव. आता डावा."

डाव्या बुटाखाली वीतभर उंचीचं, सुईसारख्या पानांचं एक रोप आडवं झालं होतं. बाईने गुडघ्यावर बसून ते सरळ केलं, बुंध्याशी माती दाबली, आणि तान्ह्या मुलाची मान सावरावी तशी त्याची मान सावरली. मग उठून म्हणाली, "हे मोठं होईल तेव्हा तुझ्या दहापट उंच असेल. त्याने तुझा चेहरा लक्षात ठेवलाय."

कारकून ऑफिसात परतला. "बघितलीस का चीड?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बघितली. विळा घेऊन उभी होती."

या एका शब्दाने त्या ऑफिसात फार गोंधळ घातलेला होता. कंपनीचा सगळा धंदा चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, लाकडावर, त्यामुळे दिवसभर टेलिफोनवर "चीड आली का?", "आली, पण अजून ट्रकमध्येच आहे", "यंदा चीड कमी आहे हो, काय झालं?" असलं बोलणं चाले. गवत काढणाऱ्या बायकांच्या टोळीची ही मुकादमीण तर तिथे 'चीड वाढवणारी बाई' म्हणूनच प्रसिद्ध होती, आणि हे नाव दोन्ही अर्थांनी ठेवलं गेलं होतं.

नवरा अकाली गेल्यावर ती पोटच्या मुलीला पाठीशी बांधून खड्डे खणायच्या कामावर लागली. तिथून गवत काढायला आली आणि तिथेच तिला तिचा जन्माचा शत्रू भेटला. काही माणसांना साप दिसतो, काहींना भूत दिसतं. तिला गवत दिसायचं. बसच्या थांब्यावर उभी असताना ती फरशीच्या फटीतलं गवत उपटायची. दवाखान्यात कोणाला भेटायला गेली की आधी दवाखान्याचं अंगण साफ व्हायचं, मग पेशंटची विचारपूस. एकदा कंपनीच्या मोठ्या साहेबांचं हिरवळीवर भाषण चालू होतं. टाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हा हिच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या आणि खुर्चीभोवती गोल टक्कल पडलेलं होतं. शेतकामात ह्या कामाला निंदणी म्हणतात. तिची टोळी निंदणीही करी आणि निंदाही करी, आणि दोन्ही मुळापासून.

टोळीत नव्या बाईला ती समजावून सांगायची, "हे रोप म्हणजे घरातलं सगळ्यात धाकटं पोर. ताट वाढलंय त्याच्यासाठी. पण गवत म्हणजे न बोलावता आलेले पाहुणे. आधी येऊन बसतात, भराभर जेवतात, पाणी पिऊन टाकतात, खिडकीसमोर उभे राहून उजेडही अडवतात. पोर बिचारं कोपऱ्यात. मरत नाही आणि वाढतही नाही. तेव्हा पाहुणे उठवायचे. दया दाखवायची नाही."

कारकुनाला हे तत्त्वज्ञान बरेच दिवस ऐकायला मिळालं नाही, कारण मुकादमीण दिसली की तो रस्ता बदलायचा. तो आपला गोदामातून रोपवाटिकेत खताच्या गोण्या पोचवायचा. रोपवाटिकेत माती भरलेल्या पिशव्यांत बिया टोचणारी एक मुलगी होती. ती हसली की त्याच्या हातून गोणी निसटायची. गोण्या वारंवार निसटू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "अशाने आमची रोपं गुदमरतील. त्यापेक्षा घरी येऊन काय ते आईला सांगा."

तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. कंपनीच्या चाळवजा क्वार्टर्समधलं शेवटचं दार. त्याने कडी वाजवली. दार उघडलं आणि कारकुनाचा डावा पाय आपोआप उचलला गेला. समोर तीच. आज हातात विळ्याऐवजी झारा होता, पण पकड तीच होती.

"हा?" तिने आत वळून मुलीला विचारलं. "गाव धुंडाळून हा मिळाला? खतवाला?"

लग्न झालं. गोदामाच्या नोकरीला क्वार्टर मिळत नसे, म्हणून कारकून सासूबाईंच्या दोन खोल्यांत घरजावई म्हणून राहायला आला. सासूबाईंची खरी पंचाईत इथे झाली. जावयाला अरे-तुरे करता येईना. त्याला उठता-बसता 'गाढवा' म्हणायची जी सोय होती ती गेली. मग त्यांनी आदरार्थी अपमानाची एक नवीच शैली तयार केली. "जावईबापू, आपण थोडे सरकता का? आपल्या बुद्धीचा प्रकाश माझ्या भाजीवर पडतोय." किंवा, "अहो, आपण आंघोळीला जाता की गोदामात जाता? वास एकच येतो म्हणून विचारलं." जावई हसून ऐकून घेई. त्याला मनातून सासूबाई आवडू लागल्या होत्या. पण खतावर बोललं की त्याला लागत असे. गोणीवरचं प्रत्येक अक्षर त्याने वाचलेलं होतं. त्याचं साधं म्हणणं होतं की पोराला नीट खाऊपिऊ घातलं तर ते पाहुण्यांच्या छाताडावर पाय देऊन उंच होईल. पाहुण्यांशी भांडायचं कशाला?

"तुमचं खत पोराच्याच तोंडात जातं याला साक्षीदार कोण?" सासूबाई विचारत.

"आणि तुमच्या निंदणीने पोराचं पोट भरतं का?" जावई विचारी.

हा वाद चांगला घरगुती आणि निरुपद्रवी होता. पण कंपनीत नवे मॅनेजर आले आणि तो घराबाहेर पडला.

हे मॅनेजर जीपमधून फिरत आणि जीपची काच कधी खाली करत नसत, म्हणून टोळीने त्यांचं नाव 'काचसाहेब' ठेवलं. काचेतून त्यांना असं दिसलं की उतारावर पुष्कळ बायका वाकलेल्या आहेत आणि गोदामात पुष्कळ खत पडून आहे. त्यांनी ठरवलं की बायका घरी पाठवायच्या आणि खत उतारावर पाठवायचं. खत एकदा टाकलं की काम झालं. गवत मात्र दर महिन्याला काढावं लागतं.

टोळी बंद होणार ही बातमी उतारावर पोचली. सासूबाईंनी विळ्याला धार लावायला घेतली. त्या टोळीत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, आणि एक तर खुद्द काचसाहेबांच्या ड्रायव्हरची आई होती. सगळ्यांना मुकादमिणीने एकेक करून आणलेलं होतं. टोळी हेच त्यांचं माहेर होतं, आणि ते मोडायला येणारा माणूस पाठीवर गोणी घेऊन घरच्याच दारातून निघणार होता.

त्या वेळी मध्ये पडली ती कंपनीची डॉक्टरीणबाई. तिचं डॉक्टरपण झाडांतलं. पण वस्तीतली माणसं तिला गुडघे दाखवायची आणि तीही बिचारी दाबून बघायची. ती साहेबांना म्हणाली, "भांडता कशाला? करून बघू." तिने उताराचे चार पट्टे आखले. एकात काहीच करायचं नाही. एकात फक्त निंदणी. एकात फक्त खत. आणि एकात दोन्ही. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला झाडं मोजायची, आणि जे जिंकेल ते सबंध उतारावर लागू करायचं. खत एकटं जिंकलं तर टोळी बंद.

तिने पट्ट्यांना क, ख, ग, घ अशी नावं दिली होती. टोळीला ती लक्षात राहीनात. त्यांनी काहीच न करायच्या पट्ट्याला 'अनाथ' म्हटलं, निंदणीच्या पट्ट्याला 'सासू', खताच्या पट्ट्याला 'जावई', आणि दोन्हीच्या पट्ट्याला 'संसार'. पुढे डॉक्टरीणबाईसुद्धा "जावयात उंदीर फार झालेत" असं बोलू लागली.

घरात मात्र जेवण अवघड होऊन बसलं.

"मीठ जास्त पडलंय. खतवाल्यांचा हात लागलेला दिसतो," सासूबाई म्हणायच्या.

"तुमच्या हातचं असतं तर ताटातली पानं उपटून नुसती वाटी ठेवली असतीत," जावई म्हणायचा.

एके दिवशी मुलीने डाव आपटला. "बास! या टेबलावर यापुढे तण नाही, खत नाही आणि चीड नाही. दोन्ही अर्थांनी नाही. कामाचं बोलणं घरात बंद."

दोघांनी मान खाली घातली, आणि त्या घराच्या इतिहासात प्रथमच एक नियम काटेकोर पाळला गेला. तोच नडला.

कारण प्रयोगासाठी डॉक्टरीणबाईने एक नवी जात आणवली होती. ही चीड पहिली दोन-तीन वर्षं झाडासारखी दिसतच नाही. जमिनीतून लांब हिरव्या सुयांचा एक झुपका येतो आणि तसाच बसून राहतो. वर खोड नाही, फांदी नाही. सगळी मेहनत खाली, मुळांत चाललेली असते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गवताचा गड्डा आहे. मुलीने ही रोपं रोपवाटिकेत स्वतःच्या हाताने वाढवली होती. जावयाने त्यांना पहिला घास भरवला होता. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि नियमाप्रमाणे दोघंही गप्प होते. लावणीच्या वेळी सासूबाई आजारी बहिणीकडे गेल्या होत्या. रोपं लावली खड्डेवाल्यांच्या टोळीने, आणि ती टोळी लगेच दुसऱ्या डोंगरावर निघून गेली.

सासूबाई परतल्या त्या सकाळी टोळी घेऊन थेट आपल्या पट्ट्यांवर. बघतात तर जिकडे तिकडे गवताचे गड्डे. आणि तेही सरळ रांगेत.

टोळीतली एक बाई म्हणाली, "मुकादमीणबाई, हे गवत रांगेत कसं उगवलं?"

सासूबाईंनी रांगेकडे पाहिलं आणि त्यांची छाती फुगली. "इतकी वर्षं आपण त्याच्या मागे आहोत. आता शिस्त लागलीय त्याला. चला, लागा कामाला."

दुपारपर्यंत 'सासू' आणि 'संसार' हे दोन्ही पट्टे तळहातासारखे साफ झाले. जावई रस्त्याने गोणी घेऊन जाताना थांबला. नियम घरापुरता होता, म्हणून बोलला, "वा, आई! झकास झालंय. पण रोपं कुठे आहेत?"

"ते आम्हाला काय विचारता? लावणाऱ्यांना विचारा. अजून पत्ता नाही त्यांचा."

जावयाची नजर बांधाशी पडलेल्या ढिगाऱ्याकडे गेली. त्याने गोणी खाली ठेवली आणि गोणीवरच बसला. नंतर मुलगी चहाची किटली घेऊन आली. तिनेही ढिगारा पाहिला. किटली हातात तशीच धरून ती म्हणाली, "आई, काय केलंस? ही माझी रोपं आहेत."

सासूबाईंनी ढिगाऱ्यातला एक झुपका उचलला. खाली गाजरासारखं जाड, सरळ मूळ होतं. गवताला असं मूळ कधीच नसतं. त्यांनी एक सुई दोन बोटांत धरून चोळली. गवताचं पान चपटं असतं, बोटांत घसरतं. ही सुई बोटांत गोल फिरली. त्यांनी ती पुन्हा फिरवली, आणि पुन्हा. इतकी वर्षं झाडांच्या शत्रूंना मारत आलेल्या बाईने त्या दिवशी उभ्या उन्हात झाडंच मारली होती, आणि दुपारपर्यंत ती रोपं पार सुकून गेली होती.

दुसऱ्या सकाळी त्या ऑफिसात गेल्या. जावई मागे मागे गेला, कारण त्या रडतील अशी त्याला भीती वाटत होती. त्याला सासूबाई अजून कळल्या नव्हत्या.

"रोपं मी उपटली," त्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या. "टोळीला मी सांगितलं. दोष माझा."

"सगळी?" काचसाहेबांनी विचारलं.

सासूबाई ताठ झाल्या. "म्हणजे काय? एकसुद्धा सुटलेलं नाही. खुशाल जाऊन बघा. माझ्या टोळीच्या हातून काही सुटत नाही."

काचसाहेबांना आनंद लपवता येईना. निंदणीच्या पट्ट्यात झाडच नाही म्हणजे प्रयोग संपला, खत जिंकलं, टोळी बंद! डॉक्टरीणबाई मात्र म्हणाली की प्रयोग तिचा आहे आणि तो असा संपत नाही. रोपवाटिकेत उरलीसुरली रोपं आहेत, ती लावावीत. साहेब म्हणाले, लावा, पण एक दिवस जास्त मिळणार नाही. मोजणी ठरल्या वेळीच होईल.

आता उरलीसुरली म्हणजे काय, तर मुलीने बाजूला काढलेली वाकडी, बुटकी, पिवळट रोपं. लावणीची टोळी नव्हतीच. ऋतूही निम्मा सरलेला. सुट्टीच्या दिवशी सासूबाई आणि त्यांच्या बायका खड्डे खणायला उतारावर गेल्या, तर जावई कुदळ घेऊन आधीच हजर.

"आपण कशाला तसदी घेतलीत?" सासूबाईंनी विचारलं. "आपण तर घरबसल्या जिंकलात."

"असं जिंकून रोज तुमच्यासमोर जेवायला कोण बसणार?"

सासूबाईंनी त्याच्या हातातल्या कुदळीकडे पाहिलं. "कुदळ अशी नाही धरत," त्या म्हणाल्या. "द्या इकडे. घरजावई नुसता." पण आवाजात पूर्वीची धार नव्हती.

त्या दिवसापासून टोळीत नवा कायदा आला. काहीही उपटण्याआधी त्याचं एक पान बोटांत फिरवायचं. घसरलं तर काढायचं, फिरलं तर सोडायचं. बायका इतक्या सरावल्या की डोळे मिटून निंदणी करू लागल्या. वस्तीत नवा जावई कोणाकडे आला की म्हणायच्या, "बघितलं का बोटांत फिरवून? घसरतो की फिरतो?"

पहिलं वर्ष सासूबाईंच्या पट्ट्यांनी अगदी लाज आणली. तपकिरी, उघडी जमीन आणि तिच्यात मुंजीतल्या शेंडीसारखे तुरळक झुपके. तिकडे 'जावई' पट्टा मात्र असा हिरवागार फुलला की रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवून बघत. काचसाहेब जीप हळू करून मान डोलवत. जावई घरी येताना शीळ घालायचा आणि उंबरठ्याशी आल्यावर बंद करायचा. सासूबाईंना ती लांबूनच ऐकू येत असे.

दुसऱ्या वर्षी शीळ कमी झाली. एका दुपारी खत टाकायला म्हणून तो आपल्या पट्ट्यात शिरला आणि त्याला आपली झाडं सापडेनात. गवत त्याच्या डोक्यावर गेलेलं. त्याने एकेक गड्डा हाताने बाजूला करत पानं बोटांत फिरवून पाहिली. घसरली. पुढचीही घसरली. बऱ्याच वेळाने एक सुई फिरली. बिचारा झुपका केसांच्या गुंत्यासारखा पिवळा पडून कोपऱ्यात बसला होता. लावला होता त्याहून बारीक झाला होता. बाकी ठिकाणी नुसत्या वाळक्या काड्या. इतके दिवस त्याने प्रेमाने ताट वाढलं होतं आणि जेवले होते पाहुणे. नुसते जेवले नव्हते, त्याच्याच खतावर पोसून त्यांनी यजमानाच्या पोराला घराबाहेर काढलं होतं. शेजारचा 'अनाथ' पट्टा, ज्याला कोणी काही दिलं नव्हतं, तो त्याच्यापेक्षा बरा होता. तिथे गवतालाही खायला मिळालं नव्हतं.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. घरात कामाचं बोलायचं नव्हतं, आणि गोदामात सांगितलं तर नोकरीला अर्थ राहत नव्हता.

तिसऱ्या वर्षी मोजणीचा दिवस आला. जीप उताराखालच्या रस्त्यावर उभी राहिली. टोळी एका बाजूला रांगेने उभी. सासूबाईंनी नवा रुमाल बांधला होता. काचसाहेबांनी त्या दिवशी खास बाब म्हणून काच थोडीशी खाली केली आणि फटीतून बोट बाहेर काढलं.

"यात मोजायचं काय?" ते म्हणाले. "दिसतंय की! तो खताचा पट्टा बघा, पुरुषभर उंच झालाय. आणि या बायकांचा? माळरान! डॉक्टरीणबाई, लिहा, खत पहिलं."

डॉक्टरीणबाईने तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "साहेब, ते गवत आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. जावई पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते.

"तू खतवाला ना?" साहेब म्हणाले. "तुझाच पट्टा आहे तो."

"म्हणून तर सांगतो. माझं खत खाऊन माजलंय ते. आत जाऊन बघा, झाडं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा लागणार नाहीत. मी बघून आलोय."

काचसाहेबांचा विश्वास बसेना. ते त्या नोकरीत प्रथमच उतारावर जीपमधून खाली उतरले, तरातरा गवतात शिरले आणि दिसेनासे झाले. काही वेळ फक्त गवत हलताना दिसत होतं. मग हलणंही थांबलं आणि आतून आवाज आला, "रस्ता कुठल्या बाजूला आहे?"

सासूबाई विळा परजत आत गेल्या आणि वाट कापत साहेबांना बाहेर घेऊन आल्या. साहेबांच्या कोटाला कुसळं लागली होती. डाव्या बुटाला एक वाळकी काडी चिकटली होती. सासूबाईंनी वाकून ती काढली, बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, "आपण झाडावर उभे होता."

मग डॉक्टरीणबाईने टेप काढली. 'सासू' पट्ट्यात ती वाकडी, बुटकी, टाकाऊ रोपं गवताच्या रूपातून बाहेर येऊन उभी राहिली होती; प्रत्येकाच्या डोक्यावर मेणबत्तीसारखा एक पांढरा कोंब. उशिरा लावलेली असूनही जवळजवळ सगळी जिवंत. साहेबांना रस्त्यावरून ती दिसली नव्हती, कारण माळरानावर गुडघ्याएवढं झाड बघायला खाली बघावं लागतं. आणि खताच्या पट्ट्यातल्या उंच गवतामागे दडलेल्या 'संसार' पट्ट्यात, जिथे आधी पाहुणे उठवले होते आणि मग ताट वाढलं होतं, तिथली झाडं कंबरेच्या वर गेली होती. गडद हिरवी, जाड बुंध्याची, सुया अशा लांब की वारा आला की पट्टा सळसळायचा. टोळीतल्या बायका त्यांच्यात शिरून उभ्या राहिल्या आणि कोणी काही न सांगता हसू लागल्या.

"खत वाईट नाही," डॉक्टरीणबाई साहेबांना समजावत होती. "पण आधी जागा मोकळी करायची, मग द्यायचं. नाहीतर ज्याचा जोर जास्त, तोच ते खातो."

साहेबांनी मान हलवली. टोळी राहणार, आणि सबंध उतारावर 'संसार' होणार, असं तिथेच ठरलं. बायकांनी मुकादमिणीला गराडा घातला. पण ती त्यांच्यातून वाट काढत जावयाकडे गेली. त्याला वाटलं, आता काहीतरी आदरार्थी ऐकावं लागणार. सासूबाईंनी त्याचा दंड धरला, त्याला ओढत 'संसार' पट्ट्याच्या मध्यभागी नेलं, आणि टोळीला, डॉक्टरीणबाईला, साहेबांना, साहेबांच्या ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"नीट बघून घ्या. ही माझ्या जावयाची झाडं. मी फक्त अंगण झाडलं."

जावयाने जवळच्या झाडाची एक सुई धरून बोटांत फिरवायला सुरुवात केली. फारच वेळ फिरवली.

त्यानंतरची वर्षं सासूबाईंच्या वैभवाची होती. दुसऱ्या कंपन्यांची माणसं उतार बघायला येत आणि सासूबाई त्यांना फिरवून आणत. दर फेरीला गोष्ट थोडी वाढे. पाहुण्यांना त्या आधी स्वतःची चूक सांगायच्या, तीही अशा थाटात की ऐकणाऱ्याला वाटे, अशी चूक करायला मोठी पात्रता लागते. "अशी सफाई कोणाला जमणार नाही," त्या म्हणायच्या. "झाडाला गवत समजून काढलं, पण काढलं ते मुळासकट!" मग जावयाची ओळख. "हे आमचे खतवाले. यांनी साहेबांना गवतात घातलं." जावई मागे उभा राहून खांदे पाडण्याचा प्रयत्न करी, पण ते पडत नसत. मुलीच्या रोपवाटिकेत सबंध उतारासाठी रोपं तयार होऊ लागली. टोळीतल्या बायका रस्त्याने जाताना वर बघून "ते तिसऱ्या रांगेतलं माझं" असं म्हणायच्या. वस्तीतल्या कोणत्याही खिडकीतून बघितलं तरी उतार दिसे, आणि तो दर वर्षी थोडा अधिक उंच दिसे.

झाडं वाढत गेली. शेजारच्या रांगांच्या फांद्या एकमेकींना भेटल्या. खाली गार सावली पडली आणि वाळक्या सुयांची जाड गादी साचली. सासूबाई टोळी घेऊन तिच्यावरून फिरल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली बघत. बोटांत फिरवून पाहण्यासारखं काही सापडलं नाही. सावलीत गवत उगवत नव्हतं.

काढायला गवत उरलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी कंपनीने टोळी बंद केली.